टोकियोच्या रस्त्यावर गो-कार्ट, तेही ऑगस्टमध्ये: या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. उन्हाळ्यात घरी पाहुण्यांचा राबता असतो. कुणी नागपूरहून येतं, कुणी पुण्याहून, कुणी जर्मनीहून. त्यांच्या यादीत फुजी, डिस्नेलँड यांच्या जोडीला हल्ली हमखास रस्त्यावरची गो-कार्ट असते. पुढे गाइड, त्याच्यामागे एका ओळीत चार-सहा बुटक्या गाड्या, आणि टोकियो टॉवरपासून शिबुयाच्या चौकापर्यंत भर रहदारीतून फेरी. मजा आहे, नाही म्हणत नाही. पाहुण्यांबरोबर मी स्वतः सहा वेळा गेलो आहे आणि पुन्हा जाईन. पण सहाही वेळा त्याच त्या चुका पाहिल्या, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घ्या. जत्रेत टायरांच्या कुंपणात फिरते ती ही नव्हे. इंजीन ५० सीसीपर्यंतचं असतं, पण परवान्याच्या बाबतीत जपानचा कायदा तिला मोटारच मानतो. तिला नंबरप्लेट असते, ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असते, आणि शेजारून खरे ट्रक जात असतात. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. मी तरी मागून घेतो आणि बरोबरच्यांनाही घालायला लावतो. केस चपटे होतात म्हणून नको म्हणणाऱ्याला मी बरोबर नेत नाही.

भर दुपारची वेळ आणि अंगभर झूल

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लावणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझा नागपूरचा मावसभाऊ आला होता. संध्याकाळच्या फेऱ्या भरलेल्या होत्या, म्हणून त्याने मला न विचारता दुपारी एकची दोन तासांची फेरी ठरवून टाकली. दुकानात गेल्यावर भाड्याच्या पोशाखांतला डायनासोर त्याला आवडला. डोक्यावर टोपी, पायापर्यंत एकसंध, जाड मऊ पॉलिएस्टरचा. मी म्हटलं, हा थंडीतला पोशाख आहे, राहू दे. तर म्हणे, "दादा, काय सांगून राहिला तू! आपण नागपूरचे. पंचेचाळीसमध्ये क्रिकेट खेळतो आपण. हे तर पस्तीसच आहे."

विदर्भातली सगळी मंडळी हेच म्हणतात, आणि चूक नेमकी इथेच होते. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कोरडं असतं. घाम येतो, लगेच उडून जातो, आणि उडताना अंग गार करतो. टोकियोच्या ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की घाम अंगावरच राहतो. शरीराची गार व्हायची वाटच बंद होते. म्हणून इथे नुसतं तापमान बघत नाहीत, 'डब्ल्यूबीजीटी' नावाचा उष्णतेचा निर्देशांक बघतात. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला सात दशांश वजन असतं, उन्हाच्या झळीला दोन दशांश आणि आपण नेहमी बघतो त्या तापमानाला फक्त एक दशांश. हा आकडा ३१ झाला की 'धोका', आणि ३३ चा अंदाज असला की सरकार उष्माघाताचा इशारा काढतं. तो आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला आणि त्या दिवशी पहाटे पाचला जाहीर होतो, म्हणजे फेरीच्या आधी बघायला भरपूर वेळ असतो.

शिवाय बातम्यांतलं 'आज टोकियोत ३५' हे तापमान किटानोमारू बागेत, झाडांच्या सान्निध्यात, जमिनीपासून दीड मीटरवर मोजलेलं असतं. कार्टमध्ये तुमचं बूड डांबरापासून जेमतेम वीतभर उंच. खालून रस्ता भाजतो, पाठीशी इंजीन तापलेलं, आणि सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीचा धूर थेट तोंडावर. गाडी चालू असताना वारा लागतो, त्यामुळे आपण तापलोय हे कळतच नाही. ते कळतं सिग्नलला, आणि टोकियोचे सिग्नल लांबलचक असतात.

निघून चाळीसेक मिनिटं झाली असतील. रोप्पोंगीच्या अलीकडे सिग्नल हिरवा झाला, गाइड निघाला, आणि भाऊ जागचा हलेना. मी त्याच्या मागे होतो. इथे मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, त्यामुळे तुम्हाला भानावर आणणारं कुणीच नसतं. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं, पण मला ओळखायला त्या नजरेला नको तितका वेळ लागला. नंतर एकदम पाय दाबला, गाडी उसळली आणि फुटपाथच्या कडेला घासून थांबली. चार हातांवर एक बाई सायकल धरून उभी होती. ती चार हातांवर होती म्हणून वाचली, आमच्या हुशारीने नव्हे.

गाइड मुलगा शहाणा होता. त्याने सगळ्यांना कडेला घेतलं, आम्ही भावाला इमारतीच्या सावलीत नेलं, तो डायनासोर सोलून काढला. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे छोट्या दुकानातून, बर्फाच्या पिशव्या आणल्या आणि मानेला, काखेत, जांघेत लावल्या. तो नीट बोलत होता, गिळू शकत होता, म्हणून पोकारी, म्हणजे इथलं क्षारांचं पेय, घोट घोट पाजलं. वीस मिनिटांनी तो माणसात आला. उत्तरं असंबद्ध आली असती किंवा पाणी गिळता आलं नसतं, तर एकही मिनिट न दवडता ११९ ला फोन करायचा. इथे रुग्णवाहिकेचा नंबर तो आहे, पोलिसांचा ११०. दोन्ही पाठ करूनच कार्टमध्ये बसा.

माझ्या आता ठरलेल्या सवयी सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहानंतरचीच फेरी, आणि ती एक तासाचीच. ती मिळाली नाही तर कार्ट रद्द, ऑक्टोबरात या. 'सकाळी दहाला गार असेल' हा हिशेबही सोडा. टोकियोत जुलैत साडेचारला सूर्य उगवतो आणि बारा वाजायच्या आधीच डोक्यावर येतो, म्हणजे इथले दहा हे पुण्याच्या उन्हातले जवळजवळ अकरा झाले. पोशाख हवाच असेल तर टोपी किंवा वरून घालायचा पातळ झगा घ्या, खाली सुती कपडे. निघण्याआधी अर्धा लिटर पाणी पोटात गेलेलं असलं पाहिजे, कारण मधे बाटली उघडायला हात मोकळा मिळत नाही. खिशात मिठाच्या गोळ्या ठेवतो, दुकानात 'शिओ-आमे' म्हणून मिळतात. आणि प्रत्येक थांब्यावर बरोबरच्याला काहीतरी विचारतो, अगदी काल काय जेवलास इतकं साधं. उत्तर उशिरा आलं की फेरी तिथेच संपली. पैसे बुडाले तर बुडू द्यात.

डावा पाय क्लच शोधतो

ही चूक खास आपली. कार्टमध्ये दोनच पेडल: उजवीकडे वेग, डावीकडे ब्रेक, मधे स्टिअरिंगचा दांडा. क्लच नाही, गिअर नाहीत. ज्याने आयुष्यभर क्लचची गाडी चालवली त्याचा डावा पाय सिग्नल जवळ आला की आपोआप तळापर्यंत जातो. इथे तळाशी ब्रेक असतो. गाडी जागच्या जागी गचकन थांबते आणि मागचा पाहुणा, ज्याचा डावा पायही तसाच, येऊन धडकतो. उलटही होतं: ऑटोमॅटिक चालवणारे उजव्या पायानेच ब्रेक शोधतात, पाय दांड्यात अडकतो, आणि तोवर पुढची गाडी आलेली असते.

यावर मी शोधलेला उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. दुकानाच्या अंगणात निघण्यापूर्वी पाच मिनिटं मागून घ्यायची आणि फक्त ब्रेकचा सराव करायचा. डाव्या पायाची टाच जमिनीवर रोवून, नुसत्या चवड्याने, लोण्यावरून सुरी फिरवावी तितक्या हलक्या दाबाने. दहा वेळा. जे गाइडचं बोलणं चालू असताना मोबाइलवर रील काढत असतात, तेच पहिल्या सिग्नलला धडकतात. अशा माणसांना मी ओळीत सगळ्यात शेवटी बसवतो. आवडत नाही त्यांना, पण त्यांच्या मागे तरी कुणी नसतं.

स्टिअरिंगही हलकं नसतं, थेट चाकांना जोडलेलं असतं. स्प्रिंगा नाहीत, त्यामुळे गटाराचं झाकण आलं की मणक्यात कळतं. पाठदुखीवाल्यांनी हट्ट करू नये.

'फ्री लेफ्ट' आणि ताटातुटीची भीती

जपानात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून आपण गाफील राहतो. लाल दिव्याला डावीकडे वळता येत नाही. अजिबात नाही. पुण्यात चौकाचौकांत लागलेली ही सवय इथे पहिल्याच वळणावर बाहेर येते. हिरव्यालाही वळलात तरी त्याच वेळी समोरच्या झेब्रावर चालणाऱ्यांना हिरवा असतो आणि ते तुमच्याकडे न बघता चालतात, कारण गाडी थांबणार याची त्यांना खात्री असते. त्यांची खात्री आपण मोडायची नाही.

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली. गाइड पुढे निघून जातो, मधेच दिवा पिवळा होतो, आणि मागे राहिलेल्याला वाटतं आपण हरवलो. मग तो दिवा तोडून पळतो. माझ्या एका मित्राने शिबुयाजवळ असंच केलं आणि समोरून उजवीकडे वळणाऱ्या टॅक्सीने ब्रेक लावला म्हणून निभावलं. अहो, गाइड पुढच्या चौकात कडेला थांबलेला असतो, त्याचं कामच ते आहे. पोलिसांनी पकडलं तर परवान्याच्या पुस्तिकेवर नाव तुमचं असतं, गाइडचं नसतं. उलटा लाल त्रिकोण आणि त्यावर 'तोमारे' (थांबा) दिसलं तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसती हळू होऊन चालत नाही.

ट्रकच्या डाव्या अंगाला तर कधीच राहू नका. ट्रकवाल्याच्या खिडकीतून मोटार दिसते, कार्ट दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की तुम्ही त्याच्या मागच्या चाकाशी असता.

परवाना

दुकानात पोहोचल्यावर परत पाठवले गेलेले लोक मी इतके पाहिले आहेत की आता तिकिटं काढायच्या आधीच मी पाहुण्यांकडून परवान्याचे फोटो मागवतो. भारतीय परवाना, मग तो मोबाइलमधला असो की प्लास्टिकचा, इथे एकटा चालत नाही. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका घ्यावी लागते: फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे आणि जपान त्याच करारातली पुस्तिका मानतो, त्यामुळे आपली चालते. पण तिच्यात मोटारीच्या वर्गावर शिक्का हवा. माझा भाचा नुसता दुचाकीचा शिक्का घेऊन आला आणि दोन तास फुटपाथवर बसून राहिला. पुस्तिका मूळच लागते, झेरॉक्स नाही. इंटरनेटवर दहा मिनिटांत 'इंटरनॅशनल लायसन्स' देणाऱ्यांना पैसे देऊ नका, तो कागद इथे चालत नाही.

जर्मनीतल्या मराठी मंडळींसाठी वेगळं: जर्मन आंतरराष्ट्रीय परवाना जपानात चालत नाही. जर्मन मूळ परवाना आणि त्याचं अधिकृत जपानी भाषांतर लागतं, जे जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून मिळतं. ते आधीच मागवा.

बाकीच्या, थोडक्यात

चपला, उंच टाचा, ओढणी, लांब स्कार्फ: नको. चाकं आणि इंजीन उघडी असतात. केस बांधा.

आदल्या रात्री उशिरापर्यंत बिअर झाली असेल तर सकाळची फेरी सोडा. श्वासात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम दारू सापडली तरी गुन्हा होतो.

मोबाइल हातात घेऊन चालवणं बेकायदा आहे, आणि २०१९ च्या डिसेंबरपासून दंड बराच वाढला आहे. फोटो थांब्यावर गाइड काढून देतो.

निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेममधल्या मारिओची टोपी मिळावी म्हणून काउंटरवर हुज्जत घालू नका. असे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका कार्ट कंपनीवर निन्टेन्डोने २०१७ मध्ये दावा लावला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने ५ कोटी येन भरपाई द्यायला लावली. काउंटरवरची मुलगी त्यात काही करू शकत नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी ढग भरून येऊन अचानक कोसळतो. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबणासारखे निसरडे होतात. गाइडने फेरी थांबवली तर वाद नको.

आणि ओरखडा जरी पडला तरी पोलिसांना बोलवा. 'जाऊ द्या, मिटवून टाकू' इथे चालत नाही. अपघात कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि पोलिसांकडे नोंद नसेल तर विमा हात वर करतो. त्या दिवशी फुटपाथला घासलं तेव्हा गाइडने भावाला सावलीत बसवून लगेच ११० ला फोन केला होता. पोलिस आले, सगळ्यांची नावं लिहून घेतली, त्या सायकलवाल्या बाईंनाही लागलं का विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि आपल्या पर्समधला गार रुमाल काढून भावाच्या मानेवर ठेवून गेल्या. तो रुमाल धुऊन नागपूरच्या घरी ठेवला आहे, परत द्यायला पत्ता घेतला नाही याची त्याला अजून चुटपुट लागून राहिली आहे.