कामाला बसण्याआधी करायची तयारी

महत्त्वाचं काम डोक्यावर असताना जो माणूस कपाट आवरायला घेतो, जुने मेल चाळत बसतो, इतरांची छोटी-मोठी कामं उरकून देतो, त्याला आळशी म्हणणं बरोबर नाही. तो दिवसभर राबतच असतो. ज्या कामाची आठवण झाली की पोटात गोळा येतो, त्या एका कामापासून लांब राहण्यासाठी राबत असतो. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न कमी, मनःस्थिती सांभाळण्याचा जास्त. काम पुढे ढकललं की त्या क्षणी हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यानेच सवय पक्की होते.

हे पटलं की तयारी कधी करायची तेही कळतं. ऐन कामाच्या वेळी मन पळवाट शोधत असतं. कुठून सुरुवात करू, हे आधी की ते आधी, असे प्रश्न त्या वेळी शिल्लक असतील तर त्यातला प्रत्येक प्रश्न पळवाट होऊन बसतो. म्हणून जे ठरवायचं ते आधी, शांत डोक्याने, शक्यतो आदल्या संध्याकाळी ठरवून टाकावं. कामाच्या वेळी ठरवण्यासारखं काही उरूच नये. पुढची सगळी तयारी एवढ्यासाठीच आहे. पहिल्या खेपेला तिला तासभर द्या. पुढे रोज थोडी उजळणी पुरते.

सुरुवात कागदापासून करा. मनात रेंगाळणारी, भिजत पडलेली सगळी कामं लहान-मोठं न बघता एका कागदावर उतरवा. क्रम लावायचा नाही, फक्त उतरवायचं. मग जी कामं तुम्ही पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आहेत त्यांच्यापुढे खूण करा आणि ती का अडलीत ते चार शब्दांत लिहा. कारणं सहसा ठरलेली असतात. काम कंटाळवाणं असतं, जमेल की नाही याची धास्ती असते, नेमकं काय करायचंय ते स्पष्ट नसतं, काम इतकं मोठं वाटतं की हात कुठे घालावा कळत नाही, किंवा ते दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तरावाचून अडलेलं असतं.

या ठिकाणी घाई करू नका, कारण उपाय कारणावर ठरतो. काम अस्पष्ट असेल तर कितीही निर्धार केला तरी ते हलणार नाही. कोणाला तरी जाऊन एक प्रश्न विचारावा लागेल. धास्ती असेल तर पहिला कच्चा मसुदा कोणालाही दाखवायचा नाही असं ठरवून टाका, बरंचसं ओझं उतरतं. कंटाळवाण्या कामाला एका बैठकीत थोडाच वेळ द्या, पंचवीस मिनिटं पुरेत. दुसऱ्याच्या उत्तरावाचून अडलेलं काम ही तुमची चालढकल नाहीच. आठवणीचा एक फोन करा आणि ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, उगाच मनाला टोचत राहायला नको.

मग ध्येय ठरवायचं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी ध्येयनिश्चितीवर अनेक वर्षं संशोधन केलं. 'जमेल तितकं चांगलं कर' असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट मिळालेला माणूस जास्त काम करतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पण चालढकल करणाऱ्याने यातला 'नेमकं' हा भाग आधी धरावा. अवघड उद्दिष्ट नंतर वाढवता येतं.

समजा, प्रबंधाचं दुसरं प्रकरण महिनाभर अडलंय. यादीत 'दुसरं प्रकरण पूर्ण करणे' असं लिहिलंय आणि ती ओळ दिसली की नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते. ते साहजिक आहे, कारण त्या ओळीत करता येण्यासारखी एकही कृती नाही. तीच नोंद फोडून लिहा: लागणारे पाच लेख एका फोल्डरमध्ये आणणे. प्रत्येक लेखातल्या कामाच्या परिच्छेदांवर खुणा करणे. प्रकरणाची चार उपशीर्षकं लिहिणे. पहिल्या उपशीर्षकाखाली कच्चे तीनशे शब्द लिहिणे, वाक्यं न सुधारता. या चारांतली पहिली कृती इतकी लहान आहे की तिला मनाची तयारी लागत नाही, हात पुरतात. 'मांडणीवर विचार करणे' असली नोंद मात्र ठेवू नका. विचार केव्हा संपला ते कधीच कळत नाही, आणि जे संपल्याचं कळत नाही ते सुरू करणंही जड जातं. कसोटी सोपी आहे: तुमची नोंद दुसऱ्या कोणी वाचली तर एकही प्रश्न न विचारता त्याला ते काम सुरू करता आलं पाहिजे.

सगळं काम एकदम फोडत बसायची गरज नाही. पुढच्या आठवड्यापुरतं फोडलंत तरी पुरे. पूर्ण वर्षाचे रंगीत तक्ते करण्यात दोन दिवस घालवणं हीसुद्धा चालढकलच आहे, आणि ती ओळखू येत नाही म्हणून जास्त नुकसान करते.

यानंतर प्रत्येक तुकड्यापुढे वेळ लिहा, पण मनात येईल तो आकडा लिहू नका. आपण आपल्याच कामाचा अंदाज नेहमी कमी धरतो. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच ही चूक दाखवून दिली होती. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळंच बिघडलं तर किती, असं विचारल्यावर सुमारे ४९ दिवस म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांच्या वर लागले. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थिती धरूनही अंदाज कमीच पडला. त्यामुळे 'याला किती वेळ लागेल?' असं स्वतःला विचारण्यापेक्षा 'गेल्या वेळी अशाच कामाला किती लागला होता?' हे विचारा. मागचा आकडा आठवत नसेल तर आताच्या अंदाजाची दीडपट धरा आणि या वेळी खरा लागलेला वेळ शेजारी लिहून ठेवा. महिन्याभरात स्वतःचं माप हाती येतं.

आता प्राधान्य. तातडीचं काम आणि महत्त्वाचं काम यांत फरक करावा, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात हा भेद सांगितला होता, तोही एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा म्हणून. कामं तातडी आणि महत्त्व यांनुसार वाटून देणारा चार चौकोनांचा तक्ता पुढे त्यांच्या नावाने रूढ झाला. भेद माहीत असूनही आपण फसतो, आणि त्याचं कारण २०१८ मध्ये मेंग झू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत दिसतं: मुदत संपत आलेली असली की कमी मोबदल्याचं कामही लोक आधी उचलतात, जास्त मोबदल्याचं बाजूला राहतं. घड्याळ वाजत असलेलं काम डोळ्यांत भरतं. जे काम आयुष्य पुढे नेतं त्याला बहुधा घड्याळच नसतं. नवं कौशल्य शिकणं, तब्येतीची तपासणी, मृत्युपत्र, रखडलेलं लेखन, यांतलं काहीच आज संध्याकाळी पाचपर्यंत मागितलेलं नसतं.

चार चौकोन आखायला हरकत नाही, पण माझ्या मते एक प्रश्न जास्त काम करतो. यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारा: हे महिनाभर झालंच नाही तर कोणाचं काय बिघडेल? बऱ्याच ओळींना उत्तरच येत नाही. त्या खोडा. ज्या एक-दोन ओळींचं उत्तर लिहिताना अस्वस्थ वाटतं, त्यांतली एक उद्याची पहिली. उद्यासाठी एकच मोठं काम निवडा आणि फार तर दोन लहान. दहा कामांच्या यादीतून आपण नेहमी सोपी सात उचलतो आणि दिवस भरल्याचं समाधान मिळवतो. अवघड तीन तशीच राहतात. उद्या काय करणार नाही, तेही याच कागदावर लिहा. ज्या बैठकीला जायची गरज नाही, ज्या गटातल्या संदेशांना लगेच उत्तर द्यायचं नाही, त्यांची नावं लिहिली की नाही म्हणणं सोपं होतं.

निवडलेल्या कामाला आता वेळ आणि जागा द्या. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन. पीटर गोल्विट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीतला एक लहान अहवाल ठरावीक मुदतीत लिहून पाठवायला सांगितला. निम्म्यांकडून तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी लिहून घेतलं. त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अहवाल वेळेत लिहिला. इतरांपैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी. इच्छा दोन्हीकडे होती. फरक एका वाक्याचा होता.

ते वाक्य 'जेव्हा... तेव्हा' या साच्यात लिहा: 'सकाळचा चहा संपला की मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून पाच लेख फोल्डरमध्ये आणीन.' 'सकाळी वेळ मिळाला की' असं लिहिलंत तर वाक्य फुकट गेलं, कारण वेळ मिळाल्याची कुठली खूण नसते. चहा संपल्याची असते. अडथळ्यासाठीही असंच एक वाक्य हवं: 'लिहिताना मोबाइल बघावासा वाटला तर आधी चालू वाक्य पुरं करीन.' आणखी एक फायदा असा की काम कधी करायचं ते पक्कं ठरलं की ते डोक्यात घुमायचं थांबतं. अपुऱ्या कामाचे मधे मधे येणारे विचार नुसती नेमकी योजना आखल्यानेही कमी होतात, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना २०११ मध्ये आढळलं. रात्री झोप लागत नसेल तर योजना संध्याकाळीच लिहिण्याचं हे चांगलं कारण आहे.

जागेची तयारी थोडक्यात आटोपते. उद्याची फाइल आजच उघडून ठेवा, जिथून लिहायचं त्या ओळीवर कर्सर ठेवा, लागणारे कागद टेबलावर काढा, बाकीचं सगळं टेबलावरून हटवा. मोबाइल उलटा करून ठेवणं पुरत नाही, तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. पासवर्ड, चार्जर, चष्मा यांसाठी उठावं लागलं की परत येताना वाटेत दुसरंच काम भेटतं.

काम काही आठवड्यांचं असेल तर मधल्या मुदती ठरवा आणि त्या दुसऱ्या कोणाला तरी कळवा. डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रॉख यांच्या २००२ च्या अभ्यासात समान अंतराने बाहेरून मुदती दिलेल्यांचं काम सर्वांत चांगलं झालं, स्वतः मुदती ठरवणाऱ्यांचं त्याखालोखाल, आणि एकच शेवटची मुदत असलेल्यांचं सर्वांत कमी. स्वतःच ठरवलेली तारीख आपण स्वतःच गुपचूप हलवतो, म्हणून ती एखाद्या सहकाऱ्याला, मार्गदर्शकाला किंवा मैत्रिणीला सांगून ठेवा: 'शुक्रवारी दुपारी तुला चार उपशीर्षकं पाठवते, कशीही असली तरी.' माणूस असा निवडा की जो विचारेल, पण ओरडणार नाही.

फसलेल्या दिवसाचीही तयारी करावी लागते, कारण असा दिवस येणारच. त्या दिवशी स्वतःला बोल लावत बसलात तर ते काम आणखी कडवट होतं आणि मन त्यापासून आणखी पळतं. मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या अभ्यासात कमी चालढकल केली. स्वतःला माफ करणं म्हणजे सूट देणं नव्हे. म्हणून कागदाच्या तळाशी आजच एक ओळ लिहून ठेवा: दिवस हातचा गेला तर त्याच संध्याकाळी फक्त पहिली दहा मिनिटांची कृती करीन, बाकीचं भरून काढायला जाणार नाही. राहिलेलं सगळं दुसऱ्या दिवसावर चढवलं तर दुसरा दिवसही कोसळतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तयारी नीट करूनही आठवडेच्या आठवडे साधीसाधी कामंही हातून होत नसतील, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा लहानपणापासूनच लक्ष टिकवणं जड गेलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना जरूर भेटा. नैराश्य, चिंताविकार आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं जड जाण्याचा विकार) यांत कामं सुरू न होणं हे नेहमी दिसतं. त्यावर उपचार आहेत. त्यांच्या जागी वेळापत्रकं आखत राहणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

राहिला आठवड्याचा आढावा. दिवस आणि वेळ ठरवून अर्धा तास कागद घेऊन बसा. 'जेव्हा... तेव्हा'चं कोणतं वाक्य चाललं, कोणतं नाही, अंदाज कितीने चुकला, एवढंच बघा. चाललेली वाक्यं तशीच ठेवा. न चाललेल्या वाक्यातली वेळ, जागा किंवा पहिली कृती यांपैकी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशामुळे फरक पडला ते कळेल. एखादं काम चार आठवडे सलग पुढच्या पानावर जात असेल तर ते पाचव्यांदा उतरवू नका. तिथेच थांबून निर्णय घ्या: पहिली कृती आणखी लहान करायची, कोणाकडे तरी सोपवायचं, की खोडायचं. खोडलंत, तर ज्याला त्या कामाची अपेक्षा होती त्याला त्याच दिवशी तसं कळवा.