निर्दोष असताना उत्तर नाकारायचे कसे

ज्याने काही केले नाही त्याने पोलिसांना सगळे सांगून मोकळे व्हावे, हा आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला घातक आहे. निर्दोष माणूस घटनेच्या वेळी जवळपास असू शकतो, त्याचा फिर्यादीशी जुना वाद असू शकतो, आणि त्याने प्रामाणिकपणे दिलेली हीच उत्तरे त्याच्यावरचा संशय बळकट करू शकतात. म्हणूनच संविधानाचा अनुच्छेद २०(३) आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ देत नाही.

नोटीस आल्यास हजर राहावे, कारण हा हक्क गैरहजेरीचा नाही. अटकेनंतर चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असे गृहीत धरू नये. नाव-पत्ता खरा सांगावा आणि पुढे एवढेच म्हणावे: “मी निर्दोष आहे. या प्रश्नाच्या उत्तरामुळे माझ्यावर फौजदारी आरोप येण्याची शक्यता असल्याने अनुच्छेद २०(३) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८०(२) नुसार मी उत्तर देत नाही.” यानंतर थांबणे सर्वांत कठीण असते, कारण ‘निर्दोष आहे’ म्हटल्यावर का ते पटवून देण्याची ओढ लागते आणि त्या ओघात नको ते बोलले जाते.

सरसकट मौनही योग्य नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्यावर उत्तरे नाकारल्याबद्दल खटला भरला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो रद्द केला. पण ज्या प्रश्नांत धोका नाही त्यांची उत्तरे द्यावीत, आणि इतर प्रश्न नाकारताना कोणत्या प्रकरणामुळे भीती वाटते ते तपशील न उघडता थोडक्यात सांगावे, असेही बजावले. म्हणून प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र विचार करावा. खोटे उत्तर मात्र कधीही देऊ नये. त्याला या हक्काचे संरक्षण नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नसते.

बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने या हक्काखाली नाकारता येत नाहीत, हे १९६१ पासून ठरलेले आहे. नार्को चाचणी (औषधाच्या अंमलाखाली प्रश्न विचारणे) मात्र संमतीविना करता येत नाही, असा २०१० चा निकाल आहे.

खटल्यात पुरावा झाल्यावर न्यायाधीश याच संहितेच्या कलम ३५१ खाली आरोपीला प्रश्न विचारतात. तेथेही नकाराबद्दल शिक्षा नाही, परंतु राखून ठेवलेले स्पष्टीकरण वकिलाच्या सल्ल्याने, शक्यतो लेखी निवेदनातून, तेव्हाच मांडावे.