घासण्याआधी बघा: भंगारातून शिल्प करू पाहणाऱ्यांसाठी

इचलकरंजीत आमचे चार माग होते. ते विकले तेव्हा बिडाचे सांगाडे किलोवर गेले आणि लाकडी धोटे (मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणारे) पोत्यांत भरून बंबाशेजारी ठेवले, सरपण म्हणून. मी तेव्हा शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्यातली दोन पोती उचलून मी कॉलेजात नेली. वापरलेल्या वस्तूंपासून शिल्प करायला मी तिथून लागले, आणि सगळ्यात मोठी चूकही त्याच पोत्यांवर केली.

धोटे तेलकट, काळे पडलेले होते. आठवडाभर बसून मी ते एकूण एक घासले, पॉलिश पेपर मारला, वर लाखेचा हात दिला. प्रदर्शनाला आप्पा आले. त्यांनी एक धोटा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो कुठल्या मागाचा, आता कळंना झालंय बघ." आधी त्यांना ते कळायचं. रंगानं घातलेला नंबर, टोकाशी बसलेले ठोके, बोटांनी काळी झालेली जागा यांवरून. ते सगळं मी घासून टाकलं होतं. उरलं ते नुसतं लाकूड, आणि लाकूड मला वखारीतही मिळालं असतं.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की वस्तू घरी आणली की महिनाभर तिला हात लावू नका. फोटो काढा, कुठून आली, कोण वापरायचं ते लिहून ठेवा. मग कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. लोखंडावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढून वर मेणाचा पातळ हात दिला तरी पुष्कळ होतं.

हे मला नीट उमगलं ते शीला गौडा यांच्या कामामुळे. त्या मूळच्या कर्नाटकातल्या भद्रावतीच्या, शिक्षण चित्रकलेचं, पण नव्वदच्या दशकात शेण, कुंकू, सुया, दोरा अशा वस्तूंकडे वळल्या. 2006 सालच्या त्यांच्या 'डार्करूम'मध्ये डांबराची रिकामी पिंपं आहेत, काही उभी रचलेली, काही फाडून सपाट केलेली. रस्त्याची कामं करणारे मजूर अशाच पिंपांच्या पत्र्याचा आडोसा करून राहतात. शिल्पात वाकून, रांगत शिरावं लागतं, आणि आत छताला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड येतो, चांदण्यांसारखा. पिंपावरचं डांबर तसंच आहे. ते धुऊन रंगवलं असतं तर मजुराचा आडोसा आठवलाच नसता.

शिल्पकार सुबोध गुप्ता यांची स्टीलची भांडी तुम्ही पाहिलीच असतील. 2008 सालच्या 'लाइन ऑफ कंट्रोल'मध्ये त्यांनी भांड्यांचा अणुस्फोटाच्या ढगासारखा प्रचंड आकार उभा केला. ते काम दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे आहे. तिथे चकाकी हवीच होती, कारण भांड्यांच्या दुकानातली, रुखवतातली झळाळी हाच त्या भांड्यांचा अर्थ आहे. पुढे त्यांनीच पोचे पडलेली जुनी ॲल्युमिनियमची भांडी घेतली, ती मात्र पोच्यांसकट. मला ही दुसरी कामं जास्त जवळची वाटतात.

आता भंगाराच्या दुकानाबद्दल. सकाळी लवकर जा, माल वेगळा करायच्या आधी. मालकाला आपण काय करतो ते सरळ सांगा. चार फेऱ्या झाल्या की तोच वस्तू बाजूला काढून ठेवतो. तांबं-पितळ महाग, लोखंड स्वस्त, पत्रा त्याहून स्वस्त, त्यामुळे सुरुवात लोखंडावर करा. खिशात चुंबक ठेवा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही, आणि भांड्यांच्या चांगल्या स्टीललाही सहसा चिकटत नाही.

खरी कारागिरी जोडण्यात आहे, आणि कॉलेजात ती सगळ्यात कमी शिकवतात. साध्या आर्क वेल्डिंगनं ॲल्युमिनियम लोखंडाला जोडता येत नाही. तिथे रिव्हेट किंवा नटबोल्टच लागतो. बीड वेल्डिंगच्या उष्णतेनं तडकतं. मागाचे दोन पाय मी असेच गमावले. त्यानंतर बिडाला भोक पाडून बोल्टच घालते. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपवर बंद खोलीत वेल्डिंग करू नका. त्या पांढऱ्या धुरानं मला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला होता. मुलामा आधी घासून काढा, काम उघड्यावर करा, योग्य मास्क वापरा. आणि ज्या पिंपात तेल, पेट्रोल किंवा डांबर होतं ते गॅस कटरनं कापायला कधीही जाऊ नका, त्याचा स्फोट होऊ शकतो.

शाडूचं काम, प्लास्टरचे साचे, आतला सळ्यांचा सांगाडा, पहिल्या दोन वर्षांत हे सगळं कंटाळवाणं वाटतं. तरी ते मन लावून करा. वजन कुठे पडतं हे मला त्या सांगाड्यांनीच शिकवलं. महाराष्ट्रात बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी बारावीतच सुरू करावी. ज्यांना कॉलेजला जाता येत नाही त्यांनी चंदीगडचं रॉक गार्डन बघून यावं. नेक चंद हे बांधकाम खात्यात रस्त्यांची देखरेख करायचे. फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबश्या सायकलवरून वाहून त्यांनी जंगलात कित्येक वर्षं गुपचूप ते उभं केलं, आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

माझं दुसरं पोतं अजून तसंच आहे, न घासलेलं. सुट्टीला मी घरी गेले की आप्पा ओट्यावर बसून एकेक धोटा हातात घेतात. ते सांगतात आणि मी सुतळीला चिठ्ठी बांधते: माग क्रमांक तीन, रात्रपाळी, टोक दोनदा बदललेलं. आतापर्यंत एकसष्ट झालेत.