या चुका टाळा: घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनचा दोरा आणि बॉबिन

गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो. मधे पितृपक्षाचे पंधरा दिवस, की लगेच गरबा. त्यामुळे बडोद्यात ज्या घरी एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे, तिथे या दिवसांत गरब्याच्या तीन-चार चणिया (घागरे) आणि दोन-चार केडिये (घेरदार आखूड अंगरखे) येऊन पडलेले असतात. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "ताई, मशीन बिघडलं, काहीतरी करा." १४ वर्षं मी दांडिया बाजारात हे काम शिकवते आहे. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. बिघडलेली असते ती निवड, दोऱ्याची किंवा बॉबिनची, म्हणजे खालचा दोरा गुंडाळायच्या छोट्या फिरकीची.

मशीन घेताना याच बायका चार दुकानं हिंडतात, दहा जणींना विचारतात. बॉबिन आणि खालचा दोरा मात्र दुकानदार देईल तो पिशवीत टाकतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा रंगीत दोरा लोकांना दिसतो, पण त्याला कापडावर धरून ठेवणारा दोरा खाली असतो.

"बसते ना, मग चालेल"

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगते.

बाजारात तयार भरलेल्या बॉबिनी मिळतात. त्यांतल्या बऱ्याचशा 'एल' मापाच्या असतात, म्हणजे उंची साधारण ८.९ मिलिमीटर. कारखान्यातल्या आणि जॉबवर्कच्या मोठ्या मशीनांना त्या लागतात. घरगुती मशीनांपैकी बहुतेकांना लागते ती 'क्लास १५' जातीची, साधारण साडेअकरा मिलिमीटर उंच. ब्रदर कंपनीची बरीच घरगुती मशीनं ११.५ मिलिमीटरचीच बॉबिन मागतात. गोम अशी आहे की दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा, २० मिलिमीटरच्या आसपास. वरून बघितलं तर फरक कळत नाही. 'एल' बॉबिन घरच्या मशीनच्या खाचेत अलगद बसते, फिरतेही. पण वर जवळपास तीन मिलिमीटर जागा मोकळी राहते आणि त्या जागेत ती उड्या मारते. दोऱ्यावरचा ताण कधी एकदम सुटतो, कधी एकदम आवळतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच डझनभर बॉबिनी एका दुकानातून आणल्या. दुकानदार म्हणाला, "चालशे बेन, बधा मशीनमां चालशे." तिने काळ्या चणियाच्या घेरावर अकरा मोर घेतले होते. पहिला मोर नीट उतरला. दुसऱ्यापासून दर थोड्या टाक्यांनी खाली गाठ, वर दोरा तुटलेला. तिने वरचा ताण वाढवला, तर कापड आखडलं. आणखी वाढवला, तर सुई मोडली. नवी सुई लावून पुन्हा तेच. सातमीच्या रात्री दहा वाजता तिच्या सासूबाईंचा मला फोन आला, "पोरगी मशीनपुढे बसून रडते आहे." मी माझ्या चार बॉबिनी पर्समध्ये टाकून निघाले. रावपुऱ्यात गरब्याला निघालेल्यांची ही गर्दी, रिक्षा पुढे सरकेना. तिच्या घरी पोचल्यावर आधी मशीनला हातसुद्धा लावला नाही. तिची बॉबिन आणि माझी बॉबिन टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिला वरून बोट फिरवायला सांगितलं. बोट खाली उतरलं तिथे तिला कळलं.

बॉबिन बदलल्यावरही काम सुरळीत होईना. मोडलेल्या सुईच्या टोकाने प्लॅस्टिकच्या बॉबिन केसला, म्हणजे बॉबिन जिच्यात बसते त्या वाटीला, ओरखडा पडला होता आणि दोरा नेमका तिथे अडकत होता. त्या रात्री माझ्या मशीनची केस काढून आणली, म्हणून पहाटे चारपर्यंत मोर पुरे झाले. दोन मोर उसवून पुन्हा घ्यावे लागले. नवी केस तिला नंतर विकत घ्यावीच लागली, आणि तिची किंमत त्या डझनभर बॉबिनींच्या कितीतरी पट होती.

यावर माझी सवय सांगते. मशीनबरोबर खोक्यात ज्या बॉबिनी येतात, त्यांतली एक कधीच वापरायची नाही. तिच्या भोकातून लाल दोरा बांधून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. दुकानात गेलं की काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि बोट फिरवायचं. दुकानदार वैतागला तरी फिरवायचं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकीकडून मी ही नमुना-बॉबिन बांधून घेते. त्याआधी मशीन सुरू करू देत नाही.

आणखी एक. आजीच्या काळ्या पायमशीनची धातूची बॉबिन वरून प्लॅस्टिकची बॉबिन टाकायच्या मशीनमध्ये घालू नका. वजन वेगळं, माप वेगळं, आणि केसवर ओरखडे पडतात ते कायमचे.

गुंता खाली, दोष वर

कापड उलटं करून बघितलं की खाली दोऱ्याचं घरटं झालेलं असतं. गुंता खाली आहे म्हणजे बॉबिनचाच दोष, असं समजून नव्वद टक्के जणी बॉबिन केसचा स्क्रू फिरवायला लागतात. हात आवरा.

खाली जो रंगीत गुंता दिसतो, तो वरचा दोरा असतो. सुई दोरा खाली नेते, बॉबिनभोवती फिरणारा हुक त्याची वेटोळी तिच्याभोवती फिरवतो, मग वरची दांडी ती वेटोळी खेचून परत वर घेते. वरच्या ताणाच्या चकत्यांनी दोरा धरलेला नसेल, तर वेटोळी वर येतच नाही, खालीच साठत राहते. या चकत्या दाबाचं पाऊल वर असताना उघडतात आणि खाली असताना मिटतात. पाऊल खाली ठेवून दोरा ओवला, तर तो चकत्यांच्या वरवरच राहतो.

मांजलपूरच्या एक काकू याच कारणासाठी मशीन रिक्षात घालून दोनदा दुरुस्तीला घेऊन गेल्या. दोन्ही वेळा "सर्व्हिसिंग केलं" म्हणून पैसे घेतले गेले आणि घरी आल्यावर पुन्हा गुंता. मी त्यांना माझ्यासमोर दोरा ओवायला सांगितला. पाऊल खाली. कुठल्यातरी घाईघाईच्या व्हिडिओत तसं बघितलं होतं. त्यांना मशीन घेऊन चार महिने झाले होते आणि बरोबर आलेलं पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेरही निघालं नव्हतं. ते पुस्तक वाचायला एक दुपार लागते. ती दुपार काढायची नाही आणि थेट लग्नाच्या ब्लाउजला हात घालायचा, हा उतावीळपणा मला सहन होत नाही.

उलटा प्रकार असेल, म्हणजे खालचा पांढरा दोरा वर डोकावत असेल, तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा दोरा केसच्या पट्टीखाली गेलेलाच नाही. आधी बॉबिन काढून पुन्हा घाला. बऱ्याच मशीनमध्ये दोरा घड्याळाच्या उलट दिशेने सुटायला हवा. तुमच्या मशीनच्या झाकणावर चित्र असतं, ते बघा. स्क्रूला हात अगदी शेवटी, तोही पाव फेऱ्याहून जास्त नाही. त्याआधी नेलपॉलिशने स्क्रूवर आणि केसवर मिळून एक सरळ रेघ ओढून घ्या, म्हणजे परत मूळ जागी आणता येतो.

ताण बरोबर आहे का, हे मी नेहमी एका जाड भरीव पट्टीवर तपासते. कापड उलटं केलं की पट्टीचे तीन भाग दिसायला हवेत: दोन्ही कडांना वरचा रंग आणि मधल्या तिसऱ्या भागात बॉबिनचा दोरा. मधे पांढरं दिसतच नसेल तर वरचा ताण ढिला आहे, नुसतं पांढरंच दिसत असेल तर तो फार आवळला आहे.

शिवणाचं रीळ भरतकामाला

एम्ब्रॉयडरीची तयार डिझाइन्स बहुतेक ४० नंबरच्या दोऱ्यासाठी बनवलेली असतात. दोन ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर धरलेलं असतं. कोनवर, म्हणजे दोऱ्याच्या उभ्या मोठ्या रिळावर, '१२०डी/२' लिहिलेलं दिसतं तो हाच दोरा: १२० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) दोन पदर. हा नंबर उलटा चालतो, एवढं लक्षात ठेवा. ६० नंबर ४० पेक्षा बारीक आणि ३० नंबर जाड. नंबर मोठा म्हणजे दोरा जाड समजून ६० नंबर आणायचा आणि मग "भरल्यासारखं दिसत नाही, कापड दिसतंय" म्हणून रडायचं, हे मी दरवर्षी बघते.

कपडे शिवायचं साधं पॉलिएस्टर रीळ आखूड तंतू पिळून केलेलं असतं. त्याला लव असते, चमक नसते, आणि भरगच्च डिझाइनमध्ये ते वापरलं की बुट्टी पुठ्ठ्यासारखी कडक होते. ती लव बॉबिन केसखाली साठते आणि महिन्याभरात तिथे नमद्यासारखा थर जमतो. बॉबिनमध्येही हे रीळ घालू नका. खाली ६० किंवा ९० नंबरचा बॉबिनचा बारीक दोरा हवा, वरच्याहून बारीक, म्हणजे मागे जाडी होत नाही. रंग पांढरा, काळ्या कापडाला काळा. फक्त ओढणीला मागची बाजू दिसते, तिथे मी वरचाच दोरा खालीही भरते आणि आधी चिंधीवर ताण जुळवून घेते.

रेयॉन घ्यावा की पॉलिएस्टर, हे मला सगळे विचारतात. रेयॉनची झळाळी मऊ असते, मलाही आवडते. पण रेयॉन ओल धरतो, आणि ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत उघड्यावर ठेवलेला रेयॉन वेगात तुटणारच. पॉलिएस्टर ओल जवळपास धरतच नाही, घामाला आणि धुण्याला टिकतो. नऊ रात्री नाचून घामाने भिजणाऱ्या चणियाला मी पॉलिएस्टरच वापरते. पैठणीच्या ब्लाउजला, जो वर्षातून दोनदा निघतो आणि ड्रायक्लीनला जातो, रेयॉन खुशाल वापरा.

दोरा सुटा, बिनलेबलचा असेल तर लाल, मरून आणि गर्द निळा आधी तपासा. ओल्या पांढऱ्या चिंधीवर हातभर दोरा ठेवून गरम इस्त्री दाबा. चिंधी रंगली तर तो दोरा परत. पांढऱ्या केडियावर लाल रंग उतरला की तो निघत नाही.

कसब

मंगळ बाजारात जरीची रिळं बघून मोह होतो. पण हाताने टाकायचा कसब, म्हणजे जरीचा धागा, सुईच्या नेढ्यातून मिनिटाला सहाशे टाक्यांच्या वेगाने जात नाही. त्याचं चपटं आवरण सोलून निघतं आणि आतला धागा नुसताच पुढे जातो. मशीनसाठीचा मेटॅलिक दोरा वेगळा मागून घ्या. त्याला ९० नंबरची, मोठ्या नेढ्याची सुई लावा, वेग मशीन देईल तेवढा कमी करा, वरचा ताणही कमी. मेटॅलिक रीळ उभ्या दांडीवर ठेवा, म्हणजे दोरा रीळ फिरून बाजूने सुटतो. आडव्या दांडीवर तो टोकावरून सुटतो, प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि सुईपाशी पोचेपर्यंत त्याचा गुंडाळा झालेला असतो. हे सगळं करूनही तुटला तर मी मशीनपासून हातभर लांब कपात कोन ठेवून दोरा वरून घेते. तेवढ्या अंतरात पीळ मोकळा होतो.

लहान चुका

बॉबिन काठोकाठ भरू नका, कडेला थोडी जागा सोडा.

अर्ध्या उरलेल्या बॉबिनवर दुसरा दोरा गुंडाळू नका.

पॉलिएस्टर दोरा पूर्ण वेगात भरू नका. तो ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो, टाक्यात गेल्यावर आखडतो आणि धुतल्यावर कापडाला चुण्या पडतात. मी चहा करायला ठेवते आणि सावकाश भरते.

भरताना दोरा ताणाच्या छोट्या चकतीतून गेला आहे ना ते बघा. भरलेली बॉबिन बोटाने दाबली तर पोचट लागता कामा नये.

एम्ब्रॉयडरीची ७५/११ सुई आठ-दहा तासांच्या कामानंतर बदला. चांगली दिसत असली तरी.

घसरणाऱ्या रेशमी कोनला जाळी घाला.

जुना दोरा आईने दिला म्हणून वापरू नका. माझ्याकडे एका मैत्रिणीच्या आईचे सत्तावीस कोन आले होते, काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं खिडकीसमोर ठेवलेले. रंग अजून सुंदर होते. मी प्रत्येकातून हातभर दोरा काढला, दोन्ही हातांना गुंडाळून झटका दिला. एकोणीस कोन तिथेच तटकन तुटले. उरलेले आठ मी झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवले आहेत आणि प्रत्येकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने महिना आणि साल लिहिलं आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांना पुन्हा एक झटका देते.