टोलोसा-हंट सिंड्रोम: उपचारातल्या या चुका टाळा

एका डोळ्यामागे असह्य ठणका, पाठोपाठ पडलेली पापणी आणि एकाचे दोन दिसणे, एवढ्यावर स्टेरॉइड सुरू करायचे आणि दुखणे थांबले की निदान पक्के झाले असे मानायचे, ही चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. डोळा हलवणाऱ्या नसा कवटीच्या तळाशी ज्या कॅव्हर्नस सायनसमधून, म्हणजे डोळ्यामागच्या अशुद्ध रक्ताच्या पोकळीतून जातात, तिथे दाह होऊन हा दुर्मीळ आजार होतो. टोलोसा यांनी १९५४ मध्ये आणि हंट व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याचे वर्णन केले. स्टेरॉइडने ठणका बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो हे खरे. पण लिंफोमा हा लसीका पेशींचा कर्करोगही स्टेरॉइडने काही काळ आक्रसतो, आणि घोळ नेमका इथेच होतो.

साठीतले एक निवृत्त शिक्षक उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून आले होते. फाइलमध्ये गोळ्यांची चिठ्ठी होती, एमआरआय मात्र नव्हता. दहा दिवसांच्या गोळ्यांनंतर काढलेल्या एमआरआयमध्ये फारसे काही दिसले नाही, त्यामुळे घरचे निर्धास्त झाले. गोळ्या कमी होताच तिसऱ्या आठवड्यात ठणका परतला, पापणी पूर्ण मिटली, आणि या वेळी गाठ स्पष्ट दिसली. बायोप्सीत लिंफोमा निघाला. पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, दोष उठून दिसावा म्हणूनचे औषध) देऊन, कॅव्हर्नस सायनसचे बारीक छेद घेऊन एमआरआय झाला असता, तर त्यांचे ते आठवडे वाया गेले नसते. म्हणून शक्य असेल तिथे मी आधी एमआरआय आणि रक्ततपासण्या करतो, मगच पहिली गोळी लिहितो.

मधुमेही रुग्णात तर घाई जिवावर बेतू शकते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे आणि किती जीव घेतले हे आपण पाहिले आहे. तिची सुरुवातही अशाच दुखण्याने होऊ शकते आणि स्टेरॉइडने ती फोफावते. नाकाची तपासणी झाल्याशिवाय अशा रुग्णाला मी स्टेरॉइड देत नाही.

बाहुली मोठी झाली असेल तर रक्तवाहिनीचा फुगा आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

दुसरी चूक रुग्णांची. ठणका गेला की गोळ्या परस्पर बंद होतात. नजरेची हालचाल सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि अनेक दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडले तर आजार उलटू शकतो, शिवाय शरीर स्वतः तयार करते ते स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, कमी पडून रक्तदाब कोसळू शकतो. ‘बरे वाटते म्हणून सोडल्या’ हे वाक्य ऐकले की मला मनापासून वाईट वाटते. मी प्रत्येकाला तारीखवार डोस एका कागदावर लिहून देतो, तो घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावायला सांगतो, आणि साखर व रक्तदाबाच्या नोंदी त्याच कागदावर मागतो.

दोन दिसत असताना गाडी चालवू नये. एक डोळा झाकून तात्पुरता आराम पडतो. आजार महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटू शकतो, कधी दुसऱ्या बाजूलाही. तेव्हा घरातल्या उरलेल्या गोळ्या काढू नयेत; जुना एमआरआय घेऊन यावे, कारण नवा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो.