सेसनाचे बाहेरचे दिवे: नव्या एएमई मुलामुलींसाठी

एएमईच्या, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याच्या, अभ्यासात दिव्यांचा भाग इवलासा. मॉड्यूल ११ मधलं एटीए ३३, म्हणजे दिव्यांचं प्रकरण, वाचायचं, लाल डाव्या पंखाला, हिरवा उजव्या, पांढरा शेपटीला, झालं. फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये मात्र सेसना १७२ या छोट्या विमानाचे दिवे सतत हातात येतात. जुन्या १४ व्होल्टच्या विमानांतला ४५०९ लँडिंग बल्ब १०० वॅटचा, पण त्याचं ठरलेलं आयुष्य जेमतेम २५ तास. शिकाऊ वैमानिक दिवसभर सर्किट मारणार, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरणार, पक्ष्यांना आणि इतर विमानांना दिसावं म्हणून भर उन्हातही दिवा लावणार. मग बल्ब टिकणार कसा?

म्हणून सगळे एलईडीकडे वळतात. नवी मुलं पहिल्यांदा विचारतात, "सर, उजेड किती पडेल?" आधी व्होल्टेज बघा. १९७८ च्या मॉडेलपासून १७२ मध्ये २८ व्होल्टची यंत्रणा आली, त्याआधीची १४ व्होल्टची. एकाच हँगरमध्ये दोन्ही उभी असू शकतात.

खरी गंमत रंगाची. जुन्या बल्बच्या पिवळसर उजेडात लाल भरपूर असतो, म्हणून लाल काच लावली की रंग नीट येतो. त्याच काचेमागे पांढरा एलईडी ठेवला तर लाल मंद पडतो आणि हिरवा निळ्याकडे झुकतो. आपल्या डोळ्याला 'चालतंय' वाटतं, पण रंगाच्या मर्यादा नियमात ठरलेल्या आहेत. चांगल्या दिव्यात एलईडीच रंगीत असतो आणि काच पारदर्शक. दिवा किती कोनात दिसावा हेही ठरलेलं: समोरून बाजूकडे ११० अंश डावा, तितकाच उजवा, मागचा १४०. फिटिंग थोडं तिरकं बसलं तरी हा हिशेब बिघडतो.

दुसरी डोकेदुखी रेडिओची. एलईडीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमुळे व्हीएचएफ रेडिओवर खरखर येऊ शकते. इंजिन चालू, रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा, आणि एकेक दिवा लावून ऐकायचं. हे केल्याशिवाय मी पॅनल बंद करू देत नाही. झेनॉन स्ट्रोबच्या पॉवर सप्लायला तर बंद केल्यावरही लगेच हात लावू नका. कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात. किती वेळ थांबायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. क्रिंप, म्हणजे तारेवर दाबून बसवायचे जोड, रॅचेटच्या टूलनेच करायचे, पक्कडीने दाबलेला टर्मिनल कंपनाने सुटतो.

ऑनलाइन दिसलेला स्वस्त दिवा 'तसाच तर आहे' म्हणून मागवू नका. किटवरून बांधलेल्या प्रायोगिक विमानाला थोडी मोकळीक असते, फ्लाइंग स्कूलच्या विमानाला नाही. टीएसओ (त्या भागाच्या दर्जाची मान्यता) आहे का, आपल्या मॉडेलसाठी एसटीसी (विमानात बदल करायची मंजुरी) आहे का, आणि अमेरिकेची एसटीसी आपल्याकडच्या विमान नियामक डीजीसीएकडे ग्राह्य आहे का, हे ऑर्डर देण्याआधी कॅमोला, म्हणजे विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेला, विचारा. दिवा बसला की वजनाची नोंद, इलेक्ट्रिकल लोडचा हिशेब, होकायंत्राची तपासणी आणि लॉगबुक. कधीकधी या लिखापढीला दिवा बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.