जिलेटिनमधला ज्वालामुखी फुगतो, पण आकडे जुळत नाहीत? बडोद्याच्या उन्हाळ्यातला उपाय

बडोद्याजवळच्या पावागडचे खडक ज्वालामुखीचेच, पण तो आता शांत आहे. जमीन फुगताना पाहायची तर प्रयोगशाळेतलं मॉडेलच हवं.

३०×३०×१५ सेंमी टाकी, १३.५ किलो द्रावण, त्यात २.५ टक्के, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम जिलेटिन. पाणी ६० अंशांच्या आसपास. उकळलं तर जेल कमजोर होतं. पृष्ठापासून ५ सेंमी खोल, १ सेंमी त्रिज्येचा पाण्याने भरलेला फुगा (हा झाला ज्वालामुखीखालचा मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा साठा), नळी सिरिंजला.

जमीन किती फुगेल हे सांगणाऱ्या, जपानी शास्त्रज्ञ मोगी यांच्या १९५८ च्या सूत्रानुसार उंचवटा मध्यापासून खोलीच्या ०.७७ पट अंतरावर, इथे ३.८ सेंमीवर, निम्मा व्हायला हवा. ५ मिली पाणी ढकललं की मध्यभागी जेमतेम ०.३ मिमी उचल. एवढ्याशा मापात पुढच्या चुका भारी पडतात.

पहिली, नळीतली हवा. ती दाबली जाते आणि फुगा कमी फुगतो. जिलेटिन जवळजवळ असंपीड्य, म्हणजे दाबून आकसत नाही, म्हणून उंचवट्याचं घनफळ ढकललेल्या पाण्याइतकंच आलं पाहिजे. कमी भरलं तर आधी बुडबुडे शोधा.

दुसरी, तापमान. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर, आणि वरचा थर तेवढा मऊ पडतो. टाकी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर थर्मोकोल लावा, मोजणी पहाटे झटपट उरका.

तिसरी, वाळलेली साय. गोठताना वर अर्धा सेंमी खाद्यतेल ओता, मोजण्याआधी टिपून काढा.

डायल गेज (टोक टेकवून उंची मोजणारं उपकरण) टेकवू नका, जेल दबतं. खडूची पूड भुरभुरून लेझर-रेषा पृष्ठाशी १० अंशांचा कोन करून तिरकी टाका: ०.३ मिमीची उचल १.७ मिमी सरकलेली दिसते.